मिलिटरीतल्या भावाची बायको

सोमवार, ता. ८ नोव्हेंबर १९७६

ऑपरेशन होऊ शकतं. मोठे डॉक्टर स्वतः म्हणाले.

आधी त्यांनी माझ्या पायावर बोट दाबलं. पडलेला खड्डा बराच वेळ भरला नाही. मग कागदावर आतडं काढून दाखवलं. वरचं टोक खालच्या टोकाजवळ जोडायचं आणि मधला मोठा भाग नुसता बाजूला ठेवायचा, म्हणजे खाल्लेलं सगळं अंगाला लागत नाही. ते हे परदेशात शिकून आले आहेत. नंतर जन्मभर गोळ्या, जन्मभर तपासणी, आणि तेलकट-गोड खाल्लं की जुलाब. मी लगेच हो म्हटलं. ते हसले. "तुमचं हो मला नको. शकीलाबाईंचं हो आणा."

शकीलाबाई म्हणजे दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ. त्यांच्या दारावरच्या पाटीवर 'आहारतज्ञ' असं रंगवलं आहे, एक ज कमी. बोललो नाही.

बाकावर बसलो होतो तेव्हा भुजंग कंपाउंडर जवळ येऊन म्हणाला, "तयारीनं जा बरं का आत. एकट्या माणसाला बाई पास करत न्हाईत. मागच्या पेशंटला घरी जुलाब लागले, कोणाला पत्ता बी न्हाई. आणला तव्हा डोळे पार आत गेल्ते."

"मग?"

"वाचला. पण तव्हापासून बाई आधी घर विचारतात, मंग पोट."

आत गेलो. काय खातो, किती वेळा, तेल किती, साखर किती, सगळं पाठ केलं होतं आणि सगळं खरं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "घरी स्वैपाक कोण करतं, कचरूभाऊ?"

"वहिनी," मी म्हणालो.

मला वहिनी नाही. भाऊही नाही. माझ्या आधीची भावंडं सगळी पाळण्यातच गेली. म्हणून मी झालो तेव्हा आईने मला उकिरड्यावर टाकलं, शेजारणीने उचलून परत दिलं, आणि नाव कचरू ठेवलं. हे हसनाबादला. आई आता नाही. मी जालन्यात मस्तगडला खोली घेऊन राहतो आणि स्टोव्हवर माझं मी शिजवतो.

शब्द आधी तोंडातून गेला आणि मग डोक्यात आला. शकीलाबाईंचा चेहरा मात्र त्या शब्दाने मोकळा झाला.

त्यांचा काटा माझ्या वजनाला पुरला नाही. कुठे काम करता, असं त्यांनी विचारलं. बियाण्याच्या गोदामात पोत्यांवर नावं रंगवतो म्हणालो. "मग तिथं पोत्याचा काटा असेल. त्याच्यावर उभे राहा आणि दर सोमवारी मला आकडा सांगा. शरम करू नका."

मंगळवार, ता. ९ नोव्हेंबर

काट्यावर उभा राहिलो. एकशे एकेचाळीस किलो. सगळे बाहेर चहाला जातील अशी वेळ बघितली होती, पण हमाल देवानंद आत होता.

"ए, इकडं या! कचरूशेठचं माप होऊन राह्यलंय! कोणतं वाण हाय हे? संकरित का गावरान?"

मी सांगितलं की ऑपरेशनसाठी वजन घ्यायचं आहे. हे सांगायला नको होतं. हल्ली सगळीकडे नसबंदीच्या ज्या ऑपरेशनची कॅंपं चालू आहेत तेच त्याच्या डोक्यात आलं. "आरे, लगीन तर होऊ दे आधी! गाडी आली न्हाई आन तिकीट फाडून बसला!"

सगळे हसले. पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या केशरबाई दाभण न थांबवता म्हणाल्या, "देवानंद, तुझं तर झालं ना? मंग काहून एवढा उड्या मारून राह्यला? टाके उसवतील."

मग सगळे त्याला हसले. केशरबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं असेल असं नाही. त्या सगळ्यांशी तसंच बोलतात.

सोमवार, ता. १५ नोव्हेंबर

वजन उतरलं. दोन भाकरी, वरण, पालेभाजी, ताक. ठरल्यापेक्षा घासभरही जास्त खाल्लं नाही.

शनिवारी गोदाम बंद झाल्यापासून कोणाशी बोलण्याचा प्रसंग आला नव्हता. शकीलाबाईंपुढे पहिला शब्द घोगरा निघाला. त्यांना वाटलं सर्दी झाली.

"तिसरी भाकरी मागितली तर वहिनी काय करतात?"

"देत नाहीत. म्हणतात, भावजी, बाईंनी काय सांगितलंय?"

शकीलाबाई मनापासून हसल्या. त्या मूळच्या औरंगाबादच्या. हसल्या की उर्दूत जातात. "वा! मेरा सलाम कहना उनको. म्हणावं, अर्धं ऑपरेशन तर तुम्हीच करून राह्यल्या."

घरी येताना हा निरोप लक्षात ठेवत आलो. जिना चढताना दोनदा थांबलो, दम लागतो. कुलूप काढलं तेव्हा लक्षात आलं की निरोप द्यायचा कोणाला. तरी बूट काढता काढता मोठ्याने बोललो, "बाईंनी सलाम सांगितलाय." खोलीत आवाज बरा वाटला.

गुरुवार, ता. १८ नोव्हेंबर

वहिनी म्हटल्यावर भाऊ आलाच. त्याला मिलिटरीत घातला. पठाणकोटला आहे, म्हणजे दाखवावा लागत नाही. नाव बद्रीनाथ. वहिनीचं नाव बेबीनंदा. आधी दुसरं ठरवलं होतं, पण बेबीनंदा हे नाव हाक मारायला चांगलं आहे.

बेबीनंदा वहिनीचं अक्षर चांगलं नाही, पण तिला वाचता येतं. तिला माझं रंगवलेलं अक्षर आवडतं.

हे लिहायची काही गरज नव्हती. शकीलाबाई अक्षराचं विचारणार नाहीत.

सोमवार, ता. २२ नोव्हेंबर

आणखी उतरलं. शकीलाबाईंनी आकडा लिहून घेतला, पण मला वाटलं होतं तितक्या खूश झाल्या नाहीत. त्यांनी भलतंच विचारलं.

"वहिनी तुमच्यावर कधी चिडतात?"

"कधीच नाही."

"आजारी पडल्या तर चूल कोण बघतं?"

"आजारी पडत नाहीत."

"दिवाळीला माहेरी गेल्या असतील की."

"नाही. मला सोडून त्या कुठे जात नाहीत."

उत्तरं चांगली दिली असं मला वाटलं. एकाही ठिकाणी अडखळलो नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला हे ऑपरेशन कशाला पाहिजे, कचरूभाऊ?"

पाय सुजतात, बसून झोपावं लागतं, खालच्या थरातल्या पोत्यांवर वाकून लिहिता येत नाही, हे सांगितलं. ते खरंच आहे. मग म्हणालो, "आणि बारीक झालो की माणसं येतील."

"कुठं?"

"माझ्याकडे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वजन बराबर उतरतंय. पण मी वजनासाठी इथं बसत न्हाई. वजन तर काटा सांगतो. पुढच्या सोमवारी वहिनींना घेऊन या. मला त्यांच्याशी बोलायचंय. मगच मी डॉक्टरांना हो की नाही ते सांगेन."

बुधवार, ता. २४ नोव्हेंबर

वहिनी माहेरी गेली असं सांगावं का? पण ती जात नाही असं मीच सांगून ठेवलं आहे.

खोलीच्या मालकांच्या घरातल्या कोणाला विचारावं असं काल ठरवलं होतं. आज त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि पोस्टमन येऊन गेला का, एवढंच विचारून आलो.

जालन्यात ज्यांना माझं नाव माहीत आहे अशा बाया आठवून पाहिल्या. केशरबाई.

गुरुवार, ता. २५ नोव्हेंबर

केशरबाईंना विचारलं. त्या एकट्या होत्या, पोत्यांच्या थप्पीमागे. आधी त्यांना समजेना.

"म्हंजे म्या तुझी वहिनी?"

"एक तासापुरती. दवाखान्यात."

"आन नवरा कुठंय माझा?"

"मिलिटरीत. पठाणकोटला."

"दिसायला कसाय?"

मी हे ठरवलं नव्हतं. म्हणालो, उंच आहे. त्या इतक्या हसल्या की दाभण खाली ठेवावं लागलं. "पन्नाशीला आल्यावर उंच नवरा भेटला, तो बी पठाणकोटला!" मग एकदम थांबून माझ्याकडे बघितलं. "कचरू, म्या बुद्धवाड्यातली बाई. तुझ्या भावकीनं आयकलं का तुझी वहिनी कोण, तर गावात घेतील का तुला?"

मी म्हणालो, भावकी मला विचारत नाही.

हे खरं आहे. पण आई असती तर, हेही मनात आलं. आई त्यांच्या हातचं पाणी घेत नसे. ते लिहून ठेवतो, कारण आलं ते आलं.

"काय बोलायचं तिथं?" त्यांनी विचारलं.

"दोन भाकरी देते, तिसरी देत नाही."

"एवढंच? एवढ्यासाठी आर्धा रोज बुडवायचा?" मी रोज भरून देतो म्हणालो तर चिडल्या. "ठेव तुझ्यापाशी. म्या नवऱ्याच्या नावानं येईन."

रविवार, ता. २८ नोव्हेंबर

उद्या. कपडे धुतले, वाळले. शर्टाचं वरचं बटण आता लागतं. कोणाला तरी दाखवावंसं वाटलं.

सोमवार, ता. २९ नोव्हेंबर

झालं ते जसं झालं तसं लिहितो.

केशरबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून वेळेवर आल्या. आत बसल्यावर शकीलाबाईंनी त्यांना चहा मागवला, मला नाही. मग विचारलं, "भाकऱ्या किती देता ह्यांना?"

"दोन."

"तिसरी मागितली तर?"

"मागू तर द्या! हात तोडीन." हे मी शिकवलं नव्हतं. शकीलाबाई हसल्या. माझ्या मनात आलं, झालं काम.

"आणि ऑपरेशन झाल्यावर, वहिनी, घरी जुलाब लागले आणि थांबलेच नाहीत तर? अंगातलं पाणी जाईल, हात-पाय वाकडे होतील. आधी कसं ओळखणार? दवाखान्यात कशात आणणार?"

केशरबाईंनी कप खाली ठेवला. "कसले जुलाब?"

शकीलाबाईंनी सगळं समजावून सांगितलं. आतड्याचं, गोळ्यांचं, मागच्या पेशंटचं. सावकाश सांगितलं, काही लपवलं नाही. केशरबाई मान हलवत ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"हे तू मला बोलला न्हाईस. तू म्हणला, भाकरी मोजायच्या."

मी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"बाई," केशरबाई म्हणाल्या, "म्या खोटं बोलायला आल्ते. भाकरीपुरतं बोलले असते. जिवाचं न्हाई बोलायची. म्या ह्याची कोण बी न्हाई. गोदामात पोते शिवते. ह्याला वहिनी न्हाई, भाऊ न्हाई, रातचं मेला तर सकाळी रंगाचा डबा उघडला न्हाई म्हणून आम्हाला समजंल."

मला वाटलं शकीलाबाई ओरडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला मालूम होतं."

मग मला म्हणाल्या, "कधी चिडत न्हाई, कधी आजारी पडत न्हाई, दिवाळीला माहेरी जात न्हाई! अहो, अशी बाई कुठं असते का?"

केशरबाईंना हसू फुटलं. "पठाणकोटवाल्याची असंल!" आणि दोघी हसल्या. दोघींना एकमेकींबरोबर हसताना पाहून मला बाहेर जावंसं वाटलं, पण त्या खुर्चीतून मला पटकन उठता येत नाही.

"ऑपरेशन नाही का?" मी विचारलं.

"आज नाही."

"मी घासभरही चुकलो नाही."

"बिलकुल चुकला न्हाईत. असा पेशंट मी पाहिला न्हाई. पण ऑपरेशननंतर तुम्ही पडलात तर आरडाओरडा करणारं कोण आहे? तसं कोणी झालं की या."

म्हणजे किती दिवसांनी, ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर केशरबाई म्हणाल्या, "राग आला काय?" मी नाही म्हणालो आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालत आलो.

गुरुवार, ता. २ डिसेंबर

गोदामात सगळ्यांना कळलं. केशरबाईंनी सांगितलं की भुजंगने, माहीत नाही. देवानंद मला बघून सॅल्यूट ठोकतो आणि बद्रीनाथची चिठ्ठी आली का विचारतो.

मी ठरवलं आहे. बाईंना वाटतं मी एकटा निभावू शकत नाही. मी दाखवून देईन. उद्यापासून एक भाकरी.

सोमवार, ता. ६ डिसेंबर

आज सहा तारीख. केशरबाई आणि त्यांच्या वस्तीतल्या बाया कामावर आल्या नाहीत. शिवायचं काम अडून राहिलं. गोदाम फार शांत होतं.

दवाखान्यात जायचा वार, पण बोलावलेलं नाही. रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

परवापासून भाकरीही बंद केली आहे. फक्त ताक.

घरी बेबीनंदा वहिनीला काही तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं. काही सुचलं नाही. तिचा चेहरा मी कधी ठरवलाच नव्हता, आणि आता समोर दुसराच येतो.

गुरुवार, ता. ९ डिसेंबर

सकाळी एका पोत्यावर 'संकरीत' लिहिलं. री दीर्घ. असं माझ्याकडून कधी होत नाही. ते पुसायला वाकलो आणि डोळ्यांपुढे पोती गोल फिरली.

शुद्धीवर आलो तेव्हा भिंतीला टेकवून बसवलं होतं. देवानंद आणि आणखी दोघे घामाघूम होऊन उभे होते. देवानंद हसत नव्हता. केशरबाई गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबत होत्या.

"कव्हापासून जेवला न्हाईस?"

मी सांगितलं.

"काहून?"

"वजन कमी केलं तर बाई हो म्हणतील."

"बाईनं वजनाचं म्हणलंच न्हाई! म्या बसलेली हाय तिथं! कान कुठं गेल्ते तुझे?"

मग मला काय झालं कळत नाही. मी ओरडलो. सगळ्यांसमोर. तुम्ही तिथे दोन शब्द नीट बोलला असतात तर माझं ऑपरेशन झालं असतं, असं ओरडलो. मी आजवर कोणावर ओरडलेलो नाही.

"झालं असतं!" त्याही ओरडल्या. "आन आत्ता पडला तसा घरी पडला असता! उचलायला कोण आलं असतं? पठाणकोटवरून येणार होता का कोणी?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही माझ्या कोण लागता?"

त्यांनी मांडीवरचं फडकं खाली ठेवलं. "कोण बी न्हाई," म्हणाल्या. "तेच तर सांगून आले बाईला." लुगडं झटकून उठल्या आणि थप्पीमागे गेल्या. त्यांचं फडकं माझ्याजवळच राहिलं. त्यात भाकरी आणि ठेचा होता. देवानंद म्हणाला, खा, न्हाईतर पुन्हा उचलावं लागंल, आमच्या कमरा मोडल्या.

खाल्ली. ठेचा इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं, ते बराच वेळ येत राहिलं. देवानंद तोंड फिरवून उभा राहिला.

शनिवार, ता. ११ डिसेंबर

फडकं धुऊन, घडी करून त्यांच्या जागेवर ठेवलं. त्यांनी ते कमरेला खोचलं आणि काम करत राहिल्या. बोलल्या नाहीत. मी नाव रंगवायला दिवसभर त्यांच्या बाजूची पोती घेतली. तरी नाही.

सोमवार, ता. १३ डिसेंबर

न बोलावता दवाखान्यात गेलो. चक्कर आल्याचं सांगणं आवश्यक होतं, आणि लपवून काही उपयोग नाही हे आता कळलं आहे. शकीलाबाईंनी उपाशी राहिल्याबद्दल मला चांगलं झाडलं. मग म्हणाल्या, "उचललं कोणी?"

मी सगळं सांगितलं. देवानंदचं, गुळाचं, ओरडण्याचं, मी काय बोललो त्याचं. "आणि आता केशरबाई माझ्याशी बोलत नाहीत. फार रागावल्या आहेत."

बाईंचा चेहरा एकदम खुलला. दुसऱ्याच्या भांडणात आनंद होण्यासारखं काय आहे, मला समजलं नाही. मला तर तीन दिवस झोप नाही.

"खरंच रागावल्या?"

"हो."

"अच्छा." त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "पुढच्या सोमवारी या. त्यांना विचारा, येता का म्हणून. वहिनी बनून न्हाई. केशरबाई म्हणून. रागात आल्या तरी चालेल. त्या आल्या तर मी पुन्हा पहिल्यापासून बोलेन, ऑपरेशनचं."

"नाही आल्या तर?"

"तर तुम्ही या. पण दोन भाकरी खाऊन या."

तिथून सरळ गोदामात आलो. थप्पीमागे गेलो आणि उभा राहिलो. काय बोलायचं ते रस्त्याने पाठ केलं होतं, त्यातलं पहिलं वाक्यच विसरलो. म्हणालो, "मी वाईट बोललो."

"बोललास."

"शकीलाबाईंनी सोमवारी बोलावलंय. तुम्हाला. तुमच्याच नावाने."

दाभण पोत्यातून आरपार गेलं, सुतळी ओढली गेली, गाठ बसली. दुसरं पोतं पुढे आलं.

"बघू," केशरबाई म्हणाल्या.

मी आणखी थोडा वेळ थांबलो. त्यांनी तिसरं पोतं ओढलं. बेबीनंदा वहिनी काय म्हणेल ते मला नेहमी आधीच माहीत असायचं. केशरबाई येतील की नाही, मला माहीत नाही.